दुसऱ्या गियरचा आवाज

आम्ही बहीण-भावाने आमच्या जुन्या ट्रकसाठी गियरबॉक्स निवडला तो आवाजावरून. त्या धंद्यातल्या माणसांना हे हास्यास्पद वाटले आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पण आमच्याजवळ कारण होते, आणि ते कारण रोज संध्याकाळी उपाशी बसत होते.

बाबूजी राइस मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आंधळगाव, मोहाडी, कधी पार अड्याळपर्यंत जाऊन धान उचलायचे, मिलमध्ये टाकायचे आणि तांदळाची पोती नागपूरकडे न्यायची, हे त्यांचे आयुष्य. मिल बंद पडली तेव्हा मालकाने तो ट्रक त्यांना भेट म्हणून दिला. त्या प्रसंगी सेवा, निष्ठा आणि ऋणानुबंध यांवर एक भाषणही झाले. भंगारवाल्याला बोलावण्याचा कंटाळा आला, एवढे एक वाक्य त्या भाषणात राहून गेले होते.

बाबूजींनी तो ट्रक त्यानंतरही बरीच वर्षे चालवला. शेवटी दुसऱ्या गियरचे दाते गेले, आणि काही दिवसांनी बाबूजींचे गुडघेही. ट्रक घराशेजारच्या टिनाखाली उभा राहिला आणि बाबूजी ओसरीवरच्या खाटेवर. पुढे भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते वारले, माय जवळ असताना. ट्रक राहिला. दर दसऱ्याला भाऊ त्याला हार घालायचा, इंजिन चालू करायचा, गल्लीभर धूर काढायचा आणि बंद करायचा. इंजिनाला काहीच झाले नव्हते. जुन्या माणसांचे असेच असते, आतले सगळे ठणठणीत असते, फक्त चालता येत नाही.

मायच्या डोक्यातली अलीकडची वर्षे आधी गेली. मी कॉलेजातली नोकरी संपवून गावी परत आले तेव्हा ती मला शाळेतून उशिरा का आलीस म्हणून विचारू लागली होती. सुरुवातीला आम्ही हसलो. मग बाबूजींचे जाणेही तिच्या डोक्यातून निघून गेले आणि आमचे हसणे थांबले. दिवसभर ती ठीक असे. तांदळातले खडे निवडी, समोरच्या काकूशी बोले. दिवस कलला की दाराशी येऊन बसे आणि जेवायला नाही म्हणे.

"ट्रक येऊ दे," ती म्हणायची. "आत्ताच कायले आंधन ठेवता? भात गार होते."

यामागे आमच्या घराची एक जुनी रीत होती. आंधळगावकडून गावात शिरणारा रस्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढतो. चढाच्या मध्यावर मोहाचे झाड आहे. तिथे जुनी गाडी तिसऱ्या गियरमध्ये दम टाकते आणि ड्रायव्हरला दुसरा घालावाच लागतो. आमचा ट्रक दुसऱ्या गियरमध्ये एक लांब, रडवेला सूर काढी. तो ऐकला की माय चुलीवर भाताचे आधण ठेवी. ट्रक पाळ उतरून, गल्लीत वळून, दारात लागून, बाबूजी हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात होई. घरात घड्याळ होते, पण त्याला कोणी विचारीत नसे.

जुन्या गाडीत गियर पाडताना क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा गियर सोडवायला, मग इंजिनाला थोडी रेस द्यायची आणि पुन्हा दाबून खालचा गियर घालायला. मधल्या क्षणी गाडी कुठल्याच गियरमध्ये नसते. बाबूजींचा ट्रक त्या जागी सुटल्यासारखा गप्प होई. आमच्या घरातही तेवढ्यापुरते कोणी बोलत नसे. मग सूर लागे, आणि माय आधणाचा गंज, भाताचे ते मोठे पातेले, उचले.

आमच्या गल्लीत ड्रायव्हरांची घरे दोन होती, आमचे आणि समोरच्या काकूचे. काकूचा नवराही त्याच मिलच्या गाडीवर. मी शाळेत असताना एका संध्याकाळी त्याची गाडी गल्लीत आली. गाडी तीच होती, पण ती थांबायच्या आधीच काकूने हातातले सूप खाली ठेवले. स्टिअरिंगवर दुसरा माणूस होता. ड्रायव्हरच्या घरी त्याची गाडी दुसऱ्याने आणून लावली, तर त्या माणसाला काही सांगावे लागत नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटली नाही. भात आमच्या घरून गेला आणि मायने तो काकूला भरवला. त्यानंतर माय पाळीवरचा आवाज अधिक लक्ष देऊन ऐकू लागली, असे मला आता वाटते. तेव्हा मला फक्त भूक लागलेली असे.

तर माय जेवेना. आम्ही सगळे करून पाहिले. बाबूजी मुक्कामाला थांबले असे सांगितले, तर म्हणाली, "मुक्काम असन तं मिलमधून निरोप येते. आला का निरोप?" भावाने मोबाइलवर कुठल्यातरी ट्रकचा आवाज शोधून भिंतीआडून लावला. ती म्हणाली, "टीवी बंद कर." मी एकदा धीर करून खरे सांगितले. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पाहुण्यांसमोर काही अभद्र बोलून गेले होते. "दिवाबत्तीच्या टायमाले असं बोलू नये, बाई," एवढेच म्हणाली आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली. सकाळपर्यंत ते तिच्या लक्षातही राहिले नाही. डॉक्टरांना विचारले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गोळी बदलली.

ती वाळत चालली. मनगटातली बांगडी कोपर ओलांडून वर सरकावी, इतके तिचे दंड बारीक झाले होते.

एके दिवशी टिनाखाली बसल्या बसल्या भाऊ म्हणाला, "बाई, गाडीच चालू करू."

"गियरबॉक्स?"

"दुसरा पाहू. एकदा पाळीवरून आणू. रोज आणा लागली तं रोज आणू."

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना हायवेला लागून भंगाराची दुकाने आहेत. मोहाडीचा मिस्त्री सोबत घेऊन आम्ही गेलो. दुकानदार जाडजूड, प्रसन्न माणूस होता. सांगाड्यांच्या मधोमध खुर्ची टाकून तो एखाद्या संस्थानिकासारखा बसला होता. त्याने भावाला बसायला सांगितले, मिस्त्रीसाठी चहा मागवला आणि मला विचारले, "मॅडम, तुम्ही गाडीत बसता का? इथं तेल सांडलं आहे."

"गियरबॉक्स मलाच घ्यायचा आहे," मी म्हणाले.

त्यानंतर तो सगळे भावाला, भाऊसाहेब भाऊसाहेब करीत, सांगत राहिला, पण माझ्याकडे पाहून.

त्याच्याकडे आमच्या कामाचे दोन होते. पहिला अलीकडच्या गाडीचा, पुसून फळीवर मांडून ठेवलेला. "हा सिंक्रो घेऊन जा. मक्खन. एका बोटानं गियर पडते, डबल क्लचची कटकट नाही. दाते तिरके, त्यामुळं आवाज नाही."

"आवाजच नाही?" मी विचारले.

"गॅरंटी. झोप लागन तुम्हाले."

"मग नको."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, लोकं आवाज येऊ नये म्हणून गियरबॉक्स बदलतात. तुम्ही यावा म्हणून?"

मिस्त्री भावाच्या कानाशी लागला. सिंक्रोसाठी शाफ्ट थोडा कापावा लागेल, पण बाकी बसते, असे त्याचे म्हणणे. भावालाही तोच पसंत होता. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "बाई, सिंक्रो घेतला तं मी मळणीनंतर धान तरी ओढीन. जुना घेतला तं निस्ता आवाज ओढायचा."

"माय कशासाठी थांबते? धानासाठी?"

तो वळून दुकानदाराला म्हणाला, "दुसरा दाखवा."

दुसरा मागच्या बाजूला होता, एका पाण्याच्या टँकरमध्येच बसवलेला. आमच्या ट्रकच्याच जातीची आणि वयाची गाडी. टाकी गंजून चाळण झालेली, पण चालत होती. दुकानदार त्या टँकरने आवारातले सांगाडे ओढीत असे. मी म्हणाले, चालवून दाखवा. माझ्याविषयी त्याचे मत तोवर पक्के झालेच होते, त्यामुळे तो मुकाट चढला. मी आणि भाऊ शेजारी बसलो. आवाराच्या टोकाशी मातीचा थोडा चढ होता. तिथे त्याने दुसरा घातला आणि तो सूर लागला.

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा भाऊ माझ्याकडेच पाहत होता.

"बाई," तो म्हणाला, "मले भूक लागली."

मलाही लागली होती. आम्ही दोघेही साठीच्या आसपासची माणसे, निघताना पोटभर जेवून निघालेली.

मिस्त्रीने वरचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले आणि नाक मुरडले. "दाते झिजले. वर्षभर काढन तं काढन. पुढचं मी सांगत नाई."

"वर्षभरच लागते," भाऊ म्हणाला.

दुकानदार खाली उतरला, टँकरखाली जॅक लावायला सांगितला आणि भावाला पहिल्यांदाच भाऊसाहेब न म्हणता विचारले, "घरी कोन आजारी आहे, भाऊ?"

मिस्त्रीने गियरबॉक्स बसवला. सरकारच्या लेखी ट्रक केव्हाच मेलेला होता, म्हणून भावाने सराव केला तो बंद मिलच्या आवारात. भाऊ सिंक्रोच्या जमान्यातला ड्रायव्हर. पहिल्या दिवशी त्याने गियरबॉक्सला असे काही किंचाळायला लावले की मिलच्या छपरातली कबुतरे आंधळगावकडे गेली. मी शेजारी बसून सूचना देत होते. मला सायकलसुद्धा नीट येत नाही, पण मला आवाज पाठ होता. "नाही, अजून रडवेला," मी म्हणायची. तो म्हणायचा, "बाई, तू परीक्षेचे पेपरही असेच तपासत होती का?" हळूहळू त्याला जमले. एकदाही खर्र न होता दुसरा पडू लागला. आम्ही खूश होतो.

इतक्यात परिसरातल्या एका मान्यवरांना बातमी लागली. हे गृहस्थ कुठल्याही गोष्टीला हिरवी झेंडी दाखवतात. एकदा त्यांनी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेला दाखवली होती आणि ती नंतरही उभीच राहिली. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला, 'ऐतिहासिक ट्रकचे पुनरागमन'. त्यावर त्यांचे स्वतःचे, त्यांच्या नेत्यांचे आणि नेत्यांच्या नेत्यांचे फोटो होते. ट्रक खाली कोपऱ्यात, मोबाइल क्रमांकाच्या शेजारी. गाडीला शाल घालून तिचा सत्कार करायचा त्यांचा विचार होता. भावाने त्यांना सांगितले, "गाडी उद्या सकाळी निघते, साहेब." आणि आम्ही ती त्याच संध्याकाळी काढली.

माय दाराशी बसली होती. मी शेजारी बसले. आतल्या खोलीत गॅसवर आधणाचा गंज तयार होता, खाली आच लावायची तेवढी बाकी. समोरच्या ओट्यावर काकू वाती वळत होती. तिला आम्ही सगळे सांगून ठेवले होते.

"शाळा नोती का आज?" मायने मला विचारले.

"होती."

"मंग शिकवलं का काही?"

"काही खास नाही."

"माहीतच होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात पाळीच्या बाजूने इंजिन ऐकू आले. मायची मान वर झाली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला, गप्प बस म्हणून. ट्रक चढाला लागला. तिसऱ्या गियरमध्ये दम टाकू लागला. मग मोहाचे झाड आले असावे, कारण क्लच दबला, रेस बसली, पुन्हा क्लच, आणि दुसऱ्याचा सूर लागला. तोच, लांब, रडवेला. मी आच लावायला उठले.

"बस," माय म्हणाली.

"आधण ठेवते ना, माय. आले बाबूजी."

"गाडी आपली होय," ती म्हणाली. "चालवनारा दुसरा आहे."

मी काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात माझ्या लक्षात आले. भावाने गियर सफाईने पाडला होता. बाबूजी मधे थांबत, गाडी सुटल्यासारखी गप्प होई, आणि आम्ही श्वास धरून बसत असू. ते थांबणे कुठल्याही भंगारात मिळणार नव्हते. आम्ही लोखंडाचा आवाज निवडला होता. ती माणसाचा पाय ऐकत होती.

ट्रक गल्लीत वळला. समोर काकूच्या हातातली वात थांबली होती. ती मायकडे पाहत होती, आणि माय तिच्याकडे. त्या दोघींमध्ये जे झाले त्याला बोलणे म्हणता येणार नाही. ट्रक दारात लागला. भाऊ खाली उतरला, हसऱ्या तोंडाने, आणि मायचा चेहरा पाहून तिथेच उभा राहिला.

माय रडली नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मला हळूच म्हणाली, "चूल पेटवू नको आता."

आम्ही तिला जेवू घालायला निघालो होतो. आयुष्यभर तिने ज्या गोष्टीची धास्ती घेतली आणि जी प्रत्यक्षात कधीच घडली नाही, ती आम्ही मिस्त्री लावून, सराव करून, तिच्या दारात आणून उभी केली होती.

काकू उठून आत गेली. थोड्या वेळाने ती भात-वरणाची ताटे झाकून घेऊन आली आणि मायच्या शेजारी बसली. तिने घास केला. मायने तोंड फिरवले. मग तिचे लक्ष भावाकडे गेले. तो अजून ट्रकच्या मडगार्डला टेकून उभा होता. उजेड गेलेला होता आणि दिवा त्याच्या पाठीमागे होता.

"त्या पोराले बसव," माय मला म्हणाली. "गाडी घेऊन दुरून आला असन. उपाशी असन थो."

मी भावाला ताट दिले. तो मायसमोर जमिनीवर बसला. मायने त्याला नीट पाहिले आणि ओळखले नाही.

"तू होता का संगं?" तिने विचारले.

भावाने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "होतो."

"लई त्रास झाला का त्यायले?"

"नाई. झोपेतच."

हे खरेच होते. बाबूजी झोपेतच गेले होते, आणि त्या वेळी उशाशी मायच होती.

"काही सांगतलं का?"

भावाने ताटातला भात उगाच सारखा केला. "म्हनाले, माही वाट पाहू नको म्हना. येळेवर जेवून घेत जा."

मायने मान हलवली. बाबूजी असेच बोलत, हे आमच्या तिघांच्याही माहितीचे होते. मग तिने काकूच्या हातचा घास घेतला. त्यानंतर आणखी एक. ताट संपेपर्यंत काकू भरवत राहिली, मायने कधीकाळी तिला भरवले होते तसे. भाऊ समोर बसून परक्या माणसासारखा खाली मान घालून जेवला. जेवण झाल्यावर हात धुवायला तो बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान्यवर झेंडी, हार आणि शाल घेऊन हजर झाले. ओसरीवर गल्लीतल्या चार बाया पदर घेऊन बसलेल्या. माय भिंतीला टेकून. बायांना मायने बोलावले होते, आणि तिला नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नव्हती. मान्यवरांनी झेंडी कार्यकर्त्याच्या हातात सरकवली. कोण गेले हे विचारायचे धैर्य त्यांनाही झाले नाही. ते हात जोडून थोडा वेळ उभे राहिले आणि ट्रकसाठी आणलेली शाल त्यांनी मायच्या खांद्यावर घातली. काही बोलले नाहीत. त्यांचे मी बरेच कार्यक्रम पाहिले आहेत. इतका योग्य दुसरा झाला नाही.

तेव्हापासून माय संध्याकाळी दाराशी बसत नाही. बाकीचे सगळे विसरते, माझे नावसुद्धा, पण हे विसरली नाही. मी डॉक्टरांना विचारले, असे कसे. त्यांनी पुन्हा गोळी बदलली. दिवस मावळायच्या आधीच ती मला आधण ठेवायला सांगते. "कोनी यायचं नाई," म्हणते, आणि पोटभर जेवते. दंड थोडे भरलेत. भाऊ शेतावरून घरी आला की दिवसाउजेडी ती त्याला ओळखते, नावाने हाक मारते. कधी कधी त्याला विचारते, त्या दिवशी गाडी घेऊन आलेला पोरगा कोन होता, परत आलाच नाई, भला होता.

"असन कोनी मिलचा," भाऊ म्हणतो.

ट्रक टिनाखाली आहे. गियरबॉक्स अजून टिकून आहे. भाऊ मळणीच्या दिवसांत त्या ट्रकने थोडे धान ओढतो, पण पाळीवरून जात नाही. शेताच्या अंगाने, लांबच्या रस्त्याने येतो, जिथे चढ नाही आणि दुसरा पाडावा लागत नाही.